निळ्या दाताचा राजा आणि दगडूमामांचे कान

परभणीत माझं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. बाकी सगळ्यांना मी ‘कानाच्या बाई’. रस्त्यात भाजी घ्यायला थांबले तरी भाजीवाली हाक मारते, “कानाच्या बाई, मेथी न्या, कवळी हाय.” सुरुवातीला राग यायचा. घर सोडून, परगावी राहून एवढं शिकून आले आणि लोकांनी मला एका अवयवाला जुंपून टाकलं. पुढे सवय झाली. आता दुकान दुसऱ्याच्या हाती दिलं आहे, पण हे नाव काही कुणाच्या हाती देता आलेलं नाही.

माझं काम साधं होतं. कान तपासायचे आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला मशीन बसवून द्यायचं. पाटीवर मी ‘श्रवणयंत्र’ असं लिहिलं होतं, पण गिऱ्हाइकाच्या तोंडात तो शब्द कधी आला नाही. सगळे मशीनच म्हणायचे. दुकानाच्या मागच्या बाजूला कपाटाहून जरा मोठी एक खोली होती, आतून जाड गादीसारखं अस्तर लावलेली, म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ नये. त्यात माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि बाहेरून लहानमोठे सूर सोडायचे. ऐकू आलं की त्याने बोट वर करायचं. एवढीच परीक्षा. पण परीक्षा म्हटलं की आपली माणसं नापास व्हायला घाबरतात. ऐकू येवो न येवो, बोट वर. गंगाखेडचे एक निवृत्त मास्तर तर खोलीच्या दाराच्या काचेतून माझ्या हाताकडे टक लावून बसायचे. मी बटण दाबलं की यांचं बोट वर. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडलेला माणूस माझ्या खोलीत कॉपी करत होता. शेवटी मी त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली, तेव्हा कुठे खरा निकाल लागला.

दुसरी अडचण अशी की मशीन म्हणजे चष्मा, असा सगळ्यांचा समज. लावला की झालं. तसं होत नाही. कित्येक वर्षं शांत असलेल्या डोक्यात एकदम पंखा, नळ, भांडी, शेजारचं टीव्हीवरचं भांडण असं सगळं घुसतं. मानवतच्या एक आजी आठवड्यात मशीन परत घेऊन आल्या. “बाई, ह्यापेक्षा आदी बरं व्हतं. सुना एवढं बोलतात हे मला ठाऊकच नव्हतं.” मी त्यांना समजावलं, हळूहळू सवय होईल. त्या म्हणाल्या, “सुनांची व्हईल, भांड्यांची न्हाई व्हायची.”

माझं निम्मं गिऱ्हाईक सेलू-मानवतकडचं, आणि त्यातलं बरंचसं कापसाच्या जिनांतलं. ज्यांनी चालू जिन आतून पाहिलेली नाही त्यांना तो आवाज सांगून कळणार नाही. सरकी आणि कापूस वेगळा करणारी यंत्रं ओळीने धडधडत असतात, आणि हंगामभर माणसं त्यात उभी. असा कान एकदम जात नाही. आधी बारीक आवाज जातात. बायकांचे आणि लेकरांचे. पुरुषांचा जाड आवाज पुष्कळ दिवस टिकतो. म्हणून हे लोक म्हणतात, मला ऐकू येतं, पण बायको काय बोलते ते कळत नाही. बायको म्हणते, सोंग करतात. यावरून किती घरांत किती वर्षं अबोला धरला गेला असेल, देव जाणे. मी एकदोनदा जिनांमध्ये जाऊन सांगायचा प्रयत्न केला की माणसांना कानात घालायला नीट बोळे द्या. चहा पाजून मला परत पाठवलं. मग मीही नाद सोडला. तो सोडायला नको होता, असं आता वाटतं. कान गेल्यावर माझ्याकडे येण्यापेक्षा जाण्याआधी मी तिकडे जायला हवं होतं.

आमच्या धंद्यात ब्लूटूथ आलं आणि माझ्या डोक्याला नवीन काम लागलं. मशीन आता फोनला बिनतारी जोडता येऊ लागलं. फोनवरचं बोलणं थेट कानात. मशीनचा आवाज कमीजास्त करायचा तोही फोनवरून. सोय मोठी, पण ‘ब्लूटूथ’ म्हटलं की प्रत्येक जण विचारणार, दाताचा कानाशी काय संबंध? कंपनीच्या प्रशिक्षणात त्याची गोष्ट ऐकली होती, मग खात्री करायला वाचूनही पाहिली. गिऱ्हाईक बघून मी ती आखडती घ्यायची किंवा लांबवायची. सगळ्यात जास्त लांबवली ती सेलूच्या दगडूमामांसमोर. ती तशी का लांबवावी लागली, तेच सांगायला बसले आहे.

पण आधी आमच्या कामातल्या दोन गोष्टी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

एक म्हणजे, म्हाताऱ्या गिऱ्हाइकाकडे बटणाचा फोन असतो. त्याला ब्लूटूथचं मशीन जोडता येत नाही. म्हणून मशीन जोडायचं ते सोबत आलेल्याच्या फोनला. मुलगा आला तर मुलाच्या, नातू आला तर नातवाच्या. आवाज बसवून दिला की काम झालं, ती जोडणी फोनमध्ये तशीच राहते.

दुसरी म्हणजे नावाची. मशीन जोडलं की फोनवर त्याचं नाव उमटतं. कंपनीकडून येतं ते नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. ते पुसून चांगलं नाव टाका, असं मी सगळ्यांना सांगायची, आणि ते घरच्यांनी स्वतःच टाकायचं असा माझा आग्रह असायचा. त्यातून माणसं कळायची. पूर्णेच्या एका निवृत्त रेल्वे गार्डांनी मशीनला त्यांच्या वारलेल्या बायकोचं नाव दिलं. म्हणाले, “जिवंत व्हती तवर ऐकलं न्हाई. आता दिवसभर ऐकतो.” मी हसले, पण ते हसले नव्हते.

दगडूमामा पहिल्यांदा आले ते सुनेला घेऊन. उंच, वाळका माणूस, धोतर, पांढरी टोपी. उभं आयुष्य जिनमध्ये फिटर म्हणून गेलेलं. बायको वारलेली, मुलगा पुण्याकडे कारखान्यात, सेलूच्या घरात हे, सून आणि दोन लहान नातवंडं. सून रेणुका, तिशीच्या आतबाहेरची. डोक्यावर पदर, आणि सासऱ्याशी बोलायचं तर माझ्यामार्फत. “त्यांना म्हणावं, आवाज मोठा वाटतो का?” ते मला सांगत, “तिला म्हणा, ठीक हाय.” दोघं हातभर अंतरावर बसलेली, आणि मी मधली तार. आमच्या घरी ही रीत नव्हती. माझी आई माझ्या आजोबांशी चांगली कडाकडा भांडायची. पण पुष्कळ घरांत अजून आहे हे मला माहीत होतं.

मशीन रेणुकाच्या फोनला जोडलं. मी म्हटलं, “आता याला मामांचं नाव टाक.” तिने खाली मान घातली. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, तोंडाने नाही आणि बोटांनीही नाही. मी म्हटलं, “बरं, मग नुसतं ‘मामा’ लिही.” ती हळूच म्हणाली, “मशीनला मामा कसं म्हणू, ताई? बरं दिसंल का ते?” बाहेर माणसं खोळंबली होती. मी म्हटलं, राहू दे. कंपनीचं अक्षरं-आकड्यांचं नाव तसंच राहिलं.

महिन्याभराने दगडूमामा एकटेच आले. मशीन कानात नव्हतं, डबीत होतं, आणि डबी खिशात.

“बाई, ह्याचं ते बिनतारीचं तेवढं तोडून टाका.”

मी विचारलं, तकलीफ काय आहे? आवाज फुटतो? खाज सुटते?

“मशीन लय चांगलं हाय. पण ह्याच्यातून घरातलं ऐकू यायलंय. ऐकू नाही ते.”

मग हळूहळू उलगडा झाला. रेणुका घरकाम करताना फोनवर बोलायला गळ्यात अडकवायचा एक स्वस्तातला नेकबँड वापरायची. त्याचंही नाव तसंच, अक्षरं आणि आकडे. फोन आला की आवाज कुठे पाठवायचा ते विचारायला पडद्यावर दोन नावं यायची, दोन्ही सारखीच अगम्य. ती आपलं समजून सासऱ्याचं दाबायची. तिला काही ऐकू यायचं नाही, म्हणून ‘हॅलो हॅलो’ करून ती मग दुसरं दाबायची. तेवढ्या वेळात पलीकडचं माणूस जे बोलेल ते स्वयंपाकघरातून ओसरीवर, सरळ दगडूमामांच्या कानात. फोनमध्येच काहीतरी बिघाड आहे, अशी तिची समजूत झाली होती.

“पहिल्यांदा वाटलं, भास व्हायलाय,” मामा म्हणाले. “मग वळखला आवाज. तिची थोरली बहीण. नांदेडला दवाखान्यात नर्स हाय ती.” ते थांबले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “तवापासून तिचा फोन वाजला की मी मशीन काढून डबीत घालायलोय. शेजारचे हसायलेत, म्हातारा एवढं मशीन आणून डबीत ठिवतो म्हणून. हसू द्या. पण काढूस्तोवर एखादं वाक्य येतंच, बाई.”

“काय आलं?”

बाईमाणसाच्या आजाराचं बोलायचं, आणि तेही सुनेच्या. शेवटी माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलं. रेणुकाच्या छातीत गाठ हाताला लागली होती. तिची आई अशाच गाठीने गेली होती. बहीण रोज फोन करून जीव काढत होती, दाखव, तपास, निदान घरात कुणाला तरी सांग. आणि ही जात नव्हती. तपासलं नाही तोवर काही नाही, असं धरून बसली होती.

“नवऱ्याला सांगितलं नसंल?” मी विचारलं.

“न्हाई. त्याच्या फोनवर बी हसून बोलायलीय. सासू असती तर तिला सांगितलं असतं. मला कसं सांगंल?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, तिला दवाखान्यात न्यायचंय. पर मला ठाऊक हाय हे तिला कळू नाही. लाजंल ती. माझ्या घरात मला तोंड दाखवायची न्हाई.”

मला आजवर लोकांनी पुष्कळ प्रकारची कामं सांगितली होती. सासूचं मशीन जरा कमी आवाजाचं करा, इथपासून. पण असं काम कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, जोडणी तोडायला तिचा फोन लागेल, म्हणजे तिला इथे यावंच लागेल. मीच तिला फोन करते. तुम्ही आता सेलूची गाडी पकडा आणि काही झालंच नाही असं वागा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेणुकाला फोन लावला. मामांच्या मशीनचं सेटिंग पुन्हा करावं लागेल, त्यासाठी तुझाच फोन पाहिजे, दिवसभराचा वेळ काढून ये, असं बरंच रंगवून सांगितलं. पलीकडून नुसतं ‘हॅलो, हॅलो’. मग माझ्या लक्षात आलं. मी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. पुढे दगडूमामांनी मला ऐकवलंच, “बाई, त्या दिवशी मशीन काढायचं ऱ्हाऊन गेलं माझं. तुमी खोटं लय चांगलं बोलता.”

त्याच्या पुढच्या दिवशी ती दोघं सकाळच्या गाडीने आली. लेकरं शेजारी ठेवली होती. मी मामांना आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसवलं, हेडफोन घातला, दार लावलं. त्या खोलीतून बाहेरचं काही ऐकू येत नाही, ही तिची खुबी मी पहिल्यांदाच अशी वापरली. मग रेणुकाजवळ खुर्ची ओढून बसले. काय विचारायचं हे मी रात्रभर घोळवलं होतं, पण काही विचारावं लागलं नाही. मी एवढंच म्हटलं, “किती वाळलीस ग.” तिने पदर तोंडाला लावला आणि सगळं सांगून टाकलं. मी एका हाताने तिची पाठ थोपटत होते आणि दुसऱ्याने उगाच सूर सोडत होते. आत मामा बोट वर करत होते.

सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “ताई, मामांना हे कळू देऊ नका. त्यांचा जीव घाबरा हाय. झोपायचे न्हाईत ते.”

एका घरातली दोन माणसं, आणि दोघांनी मला एकाच गोष्टीची शपथ घातली. मी दोघांनाही हो म्हटलं.

स्टेशनकडे माझ्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. मी मामांना सांगितलं की मशीनला बराच वेळ लागेल, आणि रेणुकाला घेऊन मी बाजारात जरा जाऊन येते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि उगाच डबी उघडून बॅटरी बघत बसले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सुईने गाठीतला नमुना घेतला. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, जे असेल ते आजच कळवा, यांना संध्याकाळची गाडी गाठायची आहे आणि हे ओझं घेऊन सेलूला जाणं तिला झेपणार नाही. त्या म्हणाल्या, तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलते, रेणुकाच्या फोनवरच कळवते.

मग ती दुपार. रेणुका भिंतीला टेकून बसलेली, चहा तसाच गार झालेला. मामा समोरच्या खुर्चीत, मशीन कानात. ती काय वाट बघते आहे हे त्यांना ठाऊक, आणि त्यांना ठाऊक आहे हे तिला ठाऊक नाही. मी दोघांच्या मध्ये, हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिचा फोन टेबलावर घेऊन खरोखरच मशीनचा आवाज बसवत. मनाशी ठरवलं होतं की हे झालं की ती जोडणी काढून टाकायची आणि दोन्ही नावंही नीट घालून द्यायची.

शांतता फारच अंगावर यायला लागली तेव्हा मामांनी विचारलं, “बाई, ह्याला बुलूटूथ का म्हणतात? माझ्या नातीनं इचारलं. मला सांगता आलं न्हाई.”

नातीने विचारलं होतं की नाही, देव जाणे. पण मी तो प्रश्न दोन्ही हातांनी धरला.

म्हटलं, फार लांब, बर्फाच्या मुलखात डेन्मार्क म्हणून देश आहे. तिथे हजारेक वर्षांपूर्वी एक राजा होता. त्याचं पहिलं नाव माझ्या जिभेवर नीट बसत नाही, पण त्याला लोक ‘निळ्या दाताचा’ म्हणायचे. त्याचा एक दात म्हणे किडून निळा-काळा पडला होता. नक्की कुणालाच माहीत नाही. पण राजा असला तरी लोक नावं ठेवल्याशिवाय राहतात का? तर त्या मुलखात तेव्हा टोळ्या होत्या. ही टोळी त्या टोळीला पाण्यात बघायची. या राजाने त्यांना एका राज्याखाली आणलं.

“मारून?” मामांनी विचारलं.

“काही मारून, काही समजावून असेल. राजेच ते.”

पुढे आपल्या काळात, म्हटलं, निरनिराळ्या कंपन्यांचे इंजिनिअर एकत्र बसले. याचा फोन त्याच्या यंत्राशी बोलायचा नाही, प्रत्येकाची भाषा वेगळी, प्रत्येकाची तार वेगळी. सगळ्यांना बिनतारी बोलता येईल अशी एकच रीत त्यांना काढायची होती. त्यांच्यातल्या एकाने नुकताच त्या राजाच्या काळावरचा मजकूर वाचला होता. तो म्हणाला, चांगलं नाव सापडेपर्यंत आपण याला त्या राजाचं नाव देऊ. त्याने टोळ्या जोडल्या, आपण यंत्रं जोडतोय. सगळे हसले आणि हो म्हणाले. पुढे विकायची वेळ आली तेव्हा दुसरी भारदस्त नावं काढली. पण एक नाव आधीच जिथेतिथे वापरलेलं निघालं, दुसरं वेळेत कागदोपत्री बसेना. अडचण म्हणून काही दिवसांसाठी ठेवलेलं तेच बाजारात गेलं. फोनवर ती निळी खूण दिसते ना, तीही त्या राजाच्या नावाची तिकडच्या जुन्या लिपीतली दोन अक्षरं एकमेकांवर ठेवून केलेली आहे.

मी एवढी लांबण कधी लावली नव्हती. बर्फ, जहाजं, राजाची दाढी, सुचेल ते घालत गेले. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिघांपैकी कुणी बघत नव्हतं, आणि तिघांनाही ते ऐकू येत होतं.

मामा म्हणाले, “माझं बी तसंच झालं की. माझ्या आदी दोन भाऊ जलमले आन् गेले. मी झालो तवा आईनं दगडू ठिवलं. म्हणली, दगडाला कोण न्यायलंय. जगला तर मोठा झाल्यावर चांगलं नाव ठिवू.” ते जरा हसले. “जगलो. पण चांगलं नाव ठिवायला कुणाला वेळच गावला न्हाई.”

रेणुकाने मान वर केली. सासऱ्याच्या नावाची ही कथा ती पहिल्यांदाच ऐकत असावी. तिच्या तोंडावर किंचित हसू आलं, आणि नेमका फोन वाजला.

तिने तो माझ्या हातातून हिसकावलाच. पडद्यावरचं जे हाताला लागलं ते दाबलं आणि कानाला लावला. “हॅलो. हॅलो मॅडम?” तिचा चेहरा पांढरा पडला. “ताई, आवाज येईना. हॅलो?”

मला कळलं, पण मी हात पुढे करायच्या आत माझी नजर दगडूमामांकडे गेली. ते खुर्चीत ताठ बसले होते, डोळे मिटून. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट. सगळं त्यांच्या कानात चाललं होतं. त्यांना मशीन काढून डबीत घालता आलं असतं. त्यांनी ते काढलं नाही.

“गाठ साधी हाय,” ते म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं, मोठ्याने. “कॅन्सर न्हाई.”

रेणुका फोन कानाला लावून तशीच उभी राहिली.

“सुईनं घेतलेलं समदं चांगलं निघालंय म्हणायलेत. औषध काय बी न्हाई. काही महिन्यांनी एकदा दाखवून जायचं. घाबरायचं कारण न्हाई.” मग ते थांबले, आणि डोळे उघडून तिच्याकडे बघून म्हणाले, “त्या इचारायलेत, ऐकायलीस ना?”

“हो मॅडम,” रेणुका फोनमध्ये म्हणाली. “ऐकलं.”

फोन ठेवला आणि ती खाली बसली. हमसून हमसून रडली. मीही रडले, ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्या छातीवरचाच कुणी धोंडा उचलल्यासारखं झालं होतं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथे काहीतरी वाईट घडलंय.

जरा वेळाने तिच्या ध्यानात आलं. तिने एकदा फोनकडे बघितलं, एकदा मामांच्या कानाकडे, आणि पदर पुढे ओढून तोंड झाकून घेतलं. मी तिला ते दोन नावांचं समजावून सांगायला लागले, पण मामांनी हाताने मला थांबवलं.

“पोरी, मी ऐकायला गेलो न्हवतो. ते माझ्याकडं आलं.”

तिने पदर आणखी पुढे ओढला.

“कळलं तवापासून मला बी झोप न्हाई. घास गिळंना. ह्या घरात मी असून तुला कुणी न्हाई, असं झालं की गं. रोज वाटायचं इचारावं. तोंडापस्तोर यायचं आन् माघारी जायचं. येवढं जिनमधी वरडून बोललो जनमभर, पण तुझ्याशी कसं बोलायचं ते मला ठाऊक न्हाई.”

पदराआडून ती म्हणाली, “ताई, त्यांना म्हणावं—” आणि अर्ध्यातच थांबली.

तो निरोप मी उचलला नाही. त्या दिवशी पुष्कळ निरोप पोचवले होते, आता पुरे झालं होतं. तिचा फोन जवळ घेऊन मी ती जोडणी उघडली आणि मामांना विचारलं, “काढू ना हे?”

“काढा,” ते म्हणाले. “आता काय दुखलंखुपलं तर ती माझ्याकडं बघून सांगंल.” मग तिच्याकडे वळून, जरा भीतभीतच, “सांगशील ना?”

रेणुकाने पदर तोंडावरून बाजूला केला. डोळे पुसले. माझ्याकडे न बघता, सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, “मामा, मला लय भूक लागलीय.”

दगडूमामा उठले. टोपी घातली, धोतर सावरलं आणि मला विचारलं, “बाई, हितं पुरीभाजी चांगली कुठं मिळती?”